आधी पाय, मग हात: पार्किन्सन्समध्ये ताई ची करताना

फ्रिजचं दार घट्ट लागलेलं असतं. स्वतःकडे ओढायला जावं तर आधी हलत नाही, आणि मग एकदम सुटतं. त्या झटक्याने वरचं अंग मागे जातं, पाय मागे यायला उशीर होतो, आणि माणूस बारीक बारीक पावलं टाकत मागे जात राहतो. भिंत लागेपर्यंत, नाहीतर पडेपर्यंत. पार्किन्सन्स असलेल्या घरात हे ओळखीचं आहे. रस्त्यावर, गर्दीत माणूस सावध असतो. घरात वळताना, खुर्चीतून उठताना, कपाटातून काही काढताना, कुणाला वाट द्यायला मागे सरकताना तो बेसावध असतो आणि तिथेच पडतो. गोळ्यांनी अंगाचा ताठरपणा सैल होतो, हालचालींना वेग येतो, बऱ्याच जणांचा कंपही कमी होतो. तोलावर मात्र गोळ्यांचा तेवढा इलाज चालत नाही. ताई चीचं काम आहे ते इथे.

(पार्किन्सन्स असलेल्या व्यक्तीला शुभार्थी आणि तिला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणायची छान रीत मराठीत पडली आहे. इथेही तेच शब्द वापरत आहोत.)

ताई ची ही मूळची चिनी युद्धकला. आज ती जगभर व्यायाम म्हणूनच जास्त केली जाते. पाहणाऱ्याचं लक्ष जातं ते हातांकडे, कारण हात सुंदर फिरतात. वर्गात नव्याने आलेले शुभार्थीही पहिल्या दिवसापासून हातच शिकायला बघतात आणि शिक्षकही तेच शिकवत बसतात. आमचं ठाम मत असं की पार्किन्सन्ससाठी ताई चीतलं औषध पायांत आहे. एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर पूर्ण, सावकाश आणि ठरवून नेणं, एवढी एक गोष्ट नीट आली तर हात कसेही फिरले तरी चालतील. ती नाही आली, तर हात कितीही देखणे फिरोत, पडणं थांबणार नाही.

हे काम कसं करतं

मेंदूच्या खोल भागातल्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत गेल्या की पहिला फटका बसतो तो न विचारता होणाऱ्या हालचालींना. चालताना हात झुलणं, उठताना अंग पुढे झुकणं, तोल गेला की झटकन मोठं पाऊल पडणं, हे सगळं आपसूक होणारं काम मंदावतं. लक्ष देऊन केलेली हालचाल मात्र पुष्कळ काळ शाबूत राहते. जमिनीवर आडव्या पट्ट्या आखल्या की पाय घासत चालणारा माणूस त्या ओलांडत मोठी पावलं टाकू लागतो, ते यामुळेच. ताई चीत एकही हालचाल आपसूक होऊ द्यायची नसते. वजन आत्ता कुठे आहे, कुठे न्यायचं आहे, टाच टेकली का, हे प्रत्येक वेळी बघायचं असतं. म्हणजे मेंदूचा जो रस्ता अजून मोकळा आहे, त्यावरून चालण्याचा हा सराव.

दुसरी गोष्ट तोलाच्या अंगणाची. पाय न हलवता आपण घोट्यातून जेवढं पुढे, मागे, बाजूला झुकू शकतो, तेवढं आपलं अंगण. पार्किन्सन्समध्ये ते आक्रसतं, मागची जागा तर फारच कमी उरते. शुभार्थी मग अंगणाच्या मधोमध अंग आखडून उभे राहतात आणि कडेला जायचं टाळतात. टाळल्याने अंगण आणखी लहान होतं. ताई चीत वजन रोज त्या कडेपर्यंत न्यायचं आणि सावरून परत आणायचं असतं.

२०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉनमधला जो अभ्यास आला, त्यात मुख्यतः हीच मोजणी होती: माणूस न पडता किती लांब झुकू शकतो आणि झुकताना ठरवलेल्या दिशेने सरळ जातो की भरकटतो. सौम्य ते मध्यम आजार असलेल्या १९५ जणांचे तीन गट केले होते. एकाने ताई ची, दुसऱ्याने वजनं वापरून ताकदीचे व्यायाम, तिसऱ्याने ताणण्याचे व्यायाम केले. आठवड्यातून २ वेळा, दर वेळी ६० मिनिटं, २४ आठवडे. दोन्ही मोजमापांत ताई चीचा गट बाकी दोघांच्या पुढे होता. ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा या गटातले लोक कमी वेळा पडले. ताकदीच्या व्यायामांशी तुलना करता पडण्याच्या संख्येत मात्र ठोस फरक दिसला नाही, आणि हे शिकवणाऱ्यांनी शुभार्थींना सरळ सांगावं. वर्ग संपल्यावर ३ महिन्यांनीही फायदा टिकून होता.

२०२३ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी आठवड्यातून २ वेळा ताई ची करणाऱ्या १४३ आणि न करणाऱ्या १८७ शुभार्थींची काही वर्षांची नोंद प्रसिद्ध केली. ताई ची करणाऱ्यांमध्ये लक्षणं सावकाश वाढली आणि औषधाचा डोसही कमी वेगाने वाढवावा लागला. पण इथे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. जे नेमाने ताई ची करतात, ते इतर बाबतींतही तब्येतीला जपणारे असू शकतात. म्हणून ताई चीने आजार थांबतो, असं या अभ्यासाच्या जोरावर कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. आणि गोळ्या कमी करण्यासाठी ताई ची, हा विचार तर मनातही आणू नका. डोस बदलतील ते न्यूरॉलॉजिस्ट.

आधीच सावकाश, त्यात आणखी सावकाश?

हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो आणि रास्त आहे. ज्यांचा आजारच हालचाल मंदावणारा, त्यांना मुद्दाम मंद व्यायाम का द्यायचा?

आजारातली हालचाल मंद असतेच, शिवाय लहानही होत जाते. पाऊल आखूड, हात अर्धवट उचललेला, अक्षर बारीक. ताई चीत वेग कमी ठेवायचा, पण हालचाल पूर्ण लांबीची करायची. हात खांद्यापर्यंत न्यायचा म्हणजे खांद्यापर्यंत, छातीशी थांबायचं नाही. सावकाशपणाच्या नावाखाली हालचाल बारीक होऊ लागली, तर तो सराव आजाराचाच सराव होतो. वर्गात सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि ती लवकर लक्षात येत नाही, कारण बारीक हालचालही डौलदार दिसते. शुभार्थीला स्वतःला तर ती मोठीच वाटत असते. म्हणून आरसा लावावा, किंवा हात कुठवर जायला हवा तिथे भिंतीवर कागदाची पट्टी चिकटवावी.

वेगाचं म्हणाल, तर एका पायावरून दुसऱ्यावर जायला ४ आकडे. त्याहून फार हळू केलं की एका पायावर राहण्याचा वेळ वाढतो आणि मांड्या थरथरू लागतात. घाई केली की पावलं आपोआप आखूड आणि भराभर पडू लागतात.

आकडे मोठ्याने मोजा. आजारात आवाजही खोल जातो, त्यालाही थोडा व्यायाम होतो. शिवाय मोजणारा माणूस श्वास रोखून धरू शकत नाही. श्वास आणि हालचाल यांची जोडी सुरुवातीला जुळवायला जाऊ नका. हात वर जाताना श्वास घ्यायचा की सोडायचा या विचारात पाय विसरले जातात.

हेही सांगायला हवं की ताई ची एकटी पुरत नाही. झपझप चालणं आणि मांड्यांची ताकद वाढवणारे व्यायाम सोबत हवेत.

सुरू करण्याआधी

न्यूरॉलॉजिस्टना विचारताना नुसतं ‘ताई ची करू का?’ असं विचारू नका. तीन गोष्टी विचारा: तोल मागे किती जातो, उभं राहिल्यावर रक्तदाब किती उतरतो, हाडं किती मजबूत आहेत. तोलासाठी डॉक्टर मागे उभे राहून खांदे झटकन ओढून बघतात. रक्तदाब घरीही बघता येतो. ५ मिनिटं आडवं पडून एकदा मोजा, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. अशा माणसाने उभ्याने व्यायाम करताना मध्येच पुतळ्यासारखं थांबू नये, टाचा वरखाली करत राहावं. खाली वाकून झटकन वर येणंही टाळावं.

वेळ गोळीच्या हिशेबाने ठरवा. लेव्होडोपा (पार्किन्सन्सची मुख्य गोळी) घेतल्यावर साधारण अर्ध्या ते एक तासात अंग मोकळं होतं. सरावाची वेळ त्यानंतरची. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की अनेकांना पुन्हा जड वाटू लागतं. तेव्हा नवीन काही शिकू नये. आठवडाभर वही ठेवली की अंग कधी चालतं आणि कधी बंद पडतं ते कळतं. वर्गाची वेळ अंग बंद पडण्याच्या वेळेला येत असेल, तर वर्ग बदला. गोळीची वेळ परस्पर पुढेमागे करू नका.

काही जणांना गोळीचा अंमल जोरात असताना अंगाला वेडेवाकडे झोके येतात. झोके सौम्य असतील तर रुंद उभं राहून सराव चालतो. पाय उचलण्याचे प्रकार त्या वेळी सोडावेत.

जागेला फार काही लागत नाही. चार पायांची, हात असलेली, चाकं नसलेली जड खुर्ची भिंतीकडे तोंड करून भिंतीला टेकवून ठेवा. सतरंजी, पायपुसणं, चार्जरची वायर उचलून टाका. उजेड भरपूर हवा, कारण पायांकडून मेंदूला मिळणारी खबर कमी झालेली असते आणि माणूस डोळ्यांवर विसंबून तोल सांभाळत असतो. वाचायचं आणि लांबचं एकत्र असलेला चष्मा सरावात नको. खालच्या काचेतून जमीन जवळ आल्यासारखी दिसते. बूट टाच बंद असलेला, पातळ आणि सपाट तळाचा. इथे एक बारीक गोष्ट आहे: खूप पकड असलेला रबरी तळ सुरक्षित वाटतो, पण घासत येणारा पाय त्याने जमिनीला चिकटतो आणि वरचं अंग पुढे जातं. गुळगुळीत तळ घसरतो. मधला घ्यावा. नुसत्या मोज्यांवर सराव कधीच नको.

वजन ओतणं

आता मुख्य गोष्ट, आणि इथे घाई करू नका. पहिले २ आठवडे एवढंच केलं तरी वाया जात नाही.

खुर्चीच्या पाठीमागे उभं राहा, दोन्ही हातांची बोटं तिच्या पाठीवर टेकलेली. पायांत खांद्यांएवढं अंतर, पंजे सरळ पुढे. गुडघे कडक नकोत, पण बसल्यासारखे वाकवूही नका. कुलूप काढल्याइतके सैल. शेंडीला धरून कुणी हलकेच वर ओढतंय अशी मान. नजर समोर, डोळ्यांच्या उंचीवर. पाठीचा बाक जेवढा सुटेल तेवढा सुटू द्या, ताणून सरळ करू नका. जोर लावला की अंग मागे कलतं आणि टाचांवर जातं.

आता दोन पाय म्हणजे दोन घागरी समजा. पाणी सध्या निम्मं निम्मं आहे. डावीतलं पाणी उजवीत ओतायचंय, न हिंदकळता.

१ म्हणताना काही हलवू नका, उजव्या तळव्याकडे फक्त लक्ष न्या. २ ला ओटीपोट उजवीकडे सरकवा. खांदे नव्हे, ओटीपोट. ३ ला उजव्या तळव्यावरचा भार जाणवेल: आधी बाहेरची कड, मग टाच आणि अंगठ्याचा उंचवटा मिळून पूर्ण तळवा. ४ ला नाक, उजवा गुडघा आणि उजव्या पायाची बोटं साधारण एका ओळीत आली पाहिजेत. आता परीक्षा. डावी टाच कागद सरकेल इतकी वर उचला. अंगाला झटका न बसता टाच उचलली गेली, तर घागर रिकामी झाली होती. उचलताना अंग डावीकडे हललं, खुर्चीवरची बोटं दाबली गेली किंवा खांदा वर गेला, तर डावीत अजून पाणी होतं. टाच खाली ठेवा, १ पासून पुन्हा.

दोन्ही बाजूंना ८-८ वेळा. पार्किन्सन्स बहुधा एका बाजूला जास्त असतो. जास्त आजारी बाजूवर वजन ओतताना माणूस नकळत आधीच थांबतो, म्हणून त्या बाजूला ४ वेळा जास्त करा.

चुका ठरलेल्या असतात. ओटीपोटाऐवजी डोकं आणि खांदे कलतात. आरशात खांद्यांची रेघ तिरपी दिसते. असं झालं तर खुर्ची भिंतीपासून दूर घ्या आणि कंबरेच्या बाजूला वीतभर अंतरावर भिंत येईल असं उभं राहून कंबर भिंतीकडे न्या. ‘ओटीपोट सरकवा’ म्हटल्याने जे साधत नाही, ते ‘कंबर भिंतीला लावा’ म्हटल्याने साधतं. हा नियम सगळीकडे लागू पडतो: शरीराच्या आतली सूचना देण्यापेक्षा बाहेरची खूण द्यावी. ‘मोठं पाऊल टाका’ याऐवजी ‘टाच त्या पट्टीच्या पलीकडे’.

बोटांचा आधार हळूहळू काढायचा. आधी दहा बोटं, मग दोन्ही हातांची दोन-दोन, मग एका हाताची. खुर्ची जागच्या जागीच राहू द्या.

पाऊल

वजन ओतता आलं की पाऊल टाकणं म्हणजे रिकामी घागर पुढे नेऊन ठेवणं आणि मग ती भरणं. वजन पूर्ण उजवीकडे. रिकामा डावा पाय पुढे. टाच टेकवा, पण अजून भार देऊ नका. वाटलं तर पाय परत उचलून घेता यावा. मग पंजा खाली आणि पाणी पुढे. मागची टाच जमिनीवर राहू द्या. आजारात पाऊल सपाट किंवा पुढच्या चवड्यावर पडतं आणि तिथूनच अडखळणं सुरू होतं. टाच आधी टेकवण्याचा हा सराव त्यावरचा उपाय आहे.

पाय एकापुढे एक, दोरीवर चालल्यासारखे आले की बाजूला तोल जातो. दोन रुळांवर चालायचं. जमिनीवर खांद्यांएवढ्या अंतराने दोन लांब चिकटपट्ट्या लावल्या की सांगावं लागत नाही. पुढचा गुडघा बोटांच्या पुढे जाऊ देऊ नका आणि आत झुकू देऊ नका, नाहीतर महिनाभरात गुडघेदुखी सुरू होते आणि दोष ताई चीला जातो.

कोणते प्रकार, किती

१९५६ मध्ये चीनमध्ये तयार झालेला २४ हालचालींचा संच सगळ्यांना माहीत असतो आणि पुष्कळ वर्गांत तोच शिकवतात. शुभार्थींना एवढा लांब क्रम पाठ करायला लावू नये. पुढे काय येतं हे आठवण्यात लक्ष गेलं की पायांवरचं जातं. सहा-आठ हालचाली पुन्हा पुन्हा केलेल्या बऱ्या.

घोड्याची आयाळ विंचरणं हा पुढे पाऊल टाकण्याचा उत्तम प्रकार. ढगांसारखे हात हा बाजूला चालण्याचा. त्यात धड डावी-उजवीकडे वळतं आणि पाठीचा ताठरपणा सुटायला मदत होते. यात नजर हाताच्या मागे जायला हवी. नुसती मान वळली आणि छाती समोरच राहिली तर अर्धा फायदा गेला. पाय जवळ आणताना एकमेकांना चिकटू देऊ नका, वीतभर अंतर राहू द्या.

‘एका पायावरचा कोंबडा’ या प्रकारात पाय कंबरेपर्यंत उचलायचा मोह सोडा. अंगठा जमिनीला टेकलेला ठेवून टाच उचलणं पुरेसं आहे.

माकडाला मागे सारणं हा मागे चालण्याचा प्रकार. सगळ्यांत उपयोगी आणि सगळ्यांत धोक्याचा. जे आधीच मागे पडतात त्यांना हा लागतो, आणि तेच करताना पडतात. याला सहा-आठ आठवडे हातही लावू नका. मग खुर्ची समोर धरून फक्त पायाचा चवडा मागे टेकवा, वजन पुढेच ठेवा, आणि पाय परत आणा. ते पक्कं झालं की थोडं थोडं वजन मागे. पूर्ण पाऊल मागे टाकताना शुभंकर किंवा शिक्षक मागे-बाजूला उभाच हवा.

वर्ग ६० मिनिटांचा असेल तर पहिली आणि शेवटची १० मिनिटं अंग सैल करण्याची. घरी एका वेळी १० ते १५ मिनिटं पुरे. दमल्यावर केलेल्या सरावात चुकीचीच सवय लागते.

शिकवणाऱ्याने वर्गाकडे पाठ करून दाखवावं. समोरासमोर उभं राहिल्यावर डावं-उजवं उलटं होतं. एका वेळी एक सूचना. हालचाल चालू असताना गप्पा नकोत, कारण दोन कामं एकदम आली की चालणं कोलमडतं. पुढे, सगळं पक्कं झाल्यावर, मुद्दाम उलटे आकडे म्हणत सराव करायला हरकत नाही, पण खुर्ची हाताशी ठेवून.

वळणं आणि पाय चिकटणं

मूळ ताई चीत टाचेवर किंवा चवड्यावर गिरकी घेऊन वळतात. शुभार्थींनी ती घेऊ नये. डोकं, छाती, कंबर सगळं एकदम लाकडाच्या ओंडक्यासारखं वळतं, पाय जागेवरच राहतात आणि एकमेकांत अडकतात. भार असलेल्या पायावर फिरल्याने गुडघाही पिळतो.

पायाखाली मोठं घड्याळ समजा. तोंड १२ कडे, वळायचं ६ कडे, उजवीकडून. वजन डावीकडे ओता. उजवा पाय उचलून ३ कडे ठेवा. जमत नसेल तर २ कडे. वजन उजवीकडे. डावा पाय उचलून त्याच्या शेजारी, खांद्यांएवढं अंतर ठेवून. पुन्हा तसंच. घाईत जे एका झटक्यात होतं ते इथे चार किंवा सहा ओतण्यांत होतं, आणि दर ओतण्याला माणूस तोलात असतो.

चालता चालता पाय जमिनीला चिकटले तर सगळ्यात वाईट म्हणजे ‘चला चला’ म्हणून पुढे ओढणं. पाय तिथेच राहतात आणि अंग पुढे जातं. पूर्ण थांबावं. सरळ व्हावं, एक श्वास सोडावा. मग जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे वजन ओतावं, दोन-तीन वेळा. पाय चिकटतात तेव्हा पाऊल उचलण्याआधीची ही वजनाची सरक नीट होत नसते. ती हाताने केल्यासारखी मुद्दाम केली की पाय बहुधा सुटतो. शुभंकराने पाऊलभर अंतरावर स्वतःचा पाय आडवा ठेवून ‘हा ओलांडा’ म्हटलं तरी मदत होते.

शुभंकराची जागा शुभार्थीच्या किंचित मागे, कमकुवत बाजूला. एक हात कंबरेजवळ, न टेकवता. दंड घट्ट धरू नये. त्याने हात झुलायचा थांबतो आणि तोल सावरायचं काम शुभार्थीचं न राहता तुमचं होतं. वजनदार व्यक्तीसाठी कंबरेला धरायला जाड पट्टा बांधावा.

बसून करायचं असेल तर

आधाराशिवाय उभं राहणं जमत नसेल तरी वजन ओतणं बसून होतं. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसा, तळवे पूर्ण टेकलेले. पाणी आता एका कुल्ल्यातून दुसऱ्या कुल्ल्यात. रिकामी बाजू किंचित हलकी झाली पाहिजे. मग पुढे-मागे: कंबरेतून पुढे या, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत, आणि परत जा. उठताना अनेक जण मागे खुर्चीत कोसळतात, ते नाक पुढे पुरेसं न आल्यामुळे. पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घेऊन, नाक बोटांवर आणून, तीनदा डुलून उठायचं.

प्रगती मोजायची तर पडण्याची आणि पडता पडता वाचण्याची तारीख-वेळ वहीत लिहा. महिन्यातून एकदा, गोळीनंतर ठरावीक वेळाने, खुर्चीतून उठून ३ मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात ते बघा, आणि वळताना किती पावलं पडली तेही. कंप किती कमी झाला यावरून ताई चीचा हिशेब मांडू नका, निराशा होईल. चक्कर, छातीत दुखणं, नवं पडणं किंवा गोळीत नुकताच बदल झाला असेल तर त्या दिवशी उभ्याचा सराव बंद ठेवून डॉक्टरांना कळवा.

आता फ्रिजच्या दाराकडे या. दाराच्या अगदी समोर उभं राहू नका. हँडलच्या बाजूला थोडं तिरकं. एक पाय पुढे, एक मागे, दोन रुळांवर. वजन पुढच्या पायावर ठेवून हँडल धरा, दुसरा हात ओट्यावर. हाताने ओढू नका. हात आहे तसा राहू द्या आणि पुढचं पाणी मागच्या पायात ओता, १ ते ४ मोजत. दार अंगासोबत येतं. एकदम सुटलं, तरी मागचा पाय आधीच जागेवर आहे.